रजिस्टर नावाची माशी

वडिलांची पेटी उघडली आणि टाकेबाईंनी कपाळाला हात लावला. आत कसर शिरली होती. कोंबड्याच्या मानेची पिसं, सशाच्या कानाची लव, बदकाच्या पंखातली करडी पिसं, सगळ्याचा भुसा झाला होता, आणि त्या भुशात बारीक अळ्या सुखाने लोळत होत्या. गरम कपडे घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाई बजावून सांगत, डांबराच्या गोळ्या टाका, नाहीतर पुढच्या थंडीत कोटाची चाळण हातात येईल. आणि स्वतःच्या घरात, माळ्यावरच्या पेटीत, एक गोळी टाकायचं सुचलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

टाकेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. रस्त्याच्या कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं. बाही आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, अशी कामं. येणारा प्रत्येक जण "बाई, जरा दोन टाके घालून द्या" म्हणायचा आणि ते दोन टाके दोन तासांचे निघायचे. त्यातून हे नाव चिकटलं. वय छप्पन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोटं अजून ठणठणीत.

वडील टपालवाले होते. आठवड्याचे सहा दिवस पत्रं आणि रविवारी नदी. गळाला गांडूळ लावून बसणाऱ्यांतले ते नव्हते. इवल्याशा गळावर दोरा, लव आणि पिसं बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद सोडायची आणि माशाला गंडवायचं, हा त्यांचा नाद. त्यांच्या एका तपकिरी माशीची नदीवर फार ख्याती होती. तिला सगळे 'रजिस्टर' म्हणायचे, कारण साधं पत्र मासा परत पाठवील, पण रजिस्टर तो सही करूनच घेतो, असं वडील सांगायचे. हा विनोद त्यांनी चाळीस वर्षं केला आणि दर वेळी स्वतःच आधी हसले.

गेल्या थंडीत ते गेले. आता पेटीत शाबूत राहिलेलं रजिस्टर एकच होतं. औषधाच्या छोट्या बाटलीत, वर बूच घट्ट बसवलेलं, म्हणून वाचलं. बाकी गंजलेले गळ होते, मेणाचा खडा होता, तांब्याच्या बारीक तारेचं भेंडोळं होतं. गळ धरून ठेवायचा छोटा शिकंजा मात्र कुठे दिसेना. बाईंनी पेटी उपडी केली, माळा झाडला, खाटेखाली बॅटरी मारली.

"आई, बाबांचा शिकंजा पाहिलास का कुठे?"

खिडकीशी बसलेल्या आईने मान वर केली नाही. "त्यांचा? नाही बाई," एवढंच म्हणाली.

बाईंनी बाटली उजेडात धरली. त्यांच्या मनात एक जुनं कुसळ होतं आणि ते त्या दिवशी पुन्हा टोचलं.

त्या अकरा वर्षांच्या असताना दर शनिवारी दुपारी मागच्या खोलीचं दार बंद व्हायचं. बाबा माशा बांधताहेत, आत जायचं नाही, असा दंडक. आई तेवढी दोरा धरायला म्हणून आत जायची. दाराच्या फटीतून वार्निशचा वास यायचा आणि पोर उंबऱ्यावर फतकल मारून बसायची. दार उघडलं की तिचा एकच प्रश्न, "बाबा, मला शिकवा ना." वडील तिचा पंजा हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून हात बसला नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष कधी आलं नाही. हात बसावा म्हणून ती आईकडून शिवण शिकली. शिकवताना आई तिला शेजारी बसू द्यायची नाही. "समोर बस, म्हणजे माझं लक्ष राहील," म्हणायची. बाविसाव्या वर्षी ती असं काज करायची, की लोक उलटून बघायचे टाका कुठला. तेव्हा तिने पुन्हा विचारलं. वडिलांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." त्यानंतर तिने विचारणं सोडलं. बापाला आपला हात कधी पसंत पडला नाही, एवढं मनात धरून बाईंनी चौतीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. कुणी कामाची तारीफ केली, की आत कुठेतरी वाटायचं, यांना काय कळतंय, ज्याला कळत होतं त्याने नापास केलंय.

आता नापास करणाराही उरला नव्हता. रजिस्टर मी बांधीन, बाईंनी ठरवलं. डिट्टो बांधीन आणि बाबांच्या फोटोपुढे ठेवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानावर पाटी उलटी करून त्या गळवाल्याकडे गेल्या. त्याचं दुकान म्हणजे बोळकंडीच. एका भिंतीला काठ्या, दुसरीला खणच खण, मधे एक माणूस आडवा जाईल एवढी वाट, आणि टोकाला दिव्याखाली टक्कल चमकवत बसलेला म्हातारा. बाईंनी दारातलीच एक मोठी झगझगीत पेटी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी संपूर्ण संच. आत पंचवीस रंगांची पिसं, चमकीचे दोरे, खोटे डोळे, झालंच तर पिवळाजर्द झुपका.

"ठेवा ते जागेवर," म्हातारा म्हणाला.

"का? विकायला नाही ठेवलं?"

"विकायलाच ठेवलंय. शिकायला नाही. पंचवीस रंगांतले चोवीस तुमच्या घरी धूळ खात पडतील आणि पंचविसावा तुम्हाला हवा तो नसेल. आधी काय बांधायचंय ते सांगा, मग सामानाचं बघू."

बाईंनी बाटली पुढे केली. म्हाताऱ्याने ती दिव्याशी नेली आणि त्याचा चेहरा बदलला.

"रजिस्टर! टपालकाकांच्या तुम्ही कोण?"

"मुलगी."

"बसा, बसा." त्याने स्टुलावरचे कागद खाली ढकलले. "अहो, ह्या एका माशीपायी आम्ही त्यांना किती चहा पाजला. कशी बांधता म्हटलं, की चहा प्यायचे आणि नदीच्या गोष्टी सांगायचे. माशीबद्दल चकार शब्द नाही."

मग त्याने एकेक जिन्नस काढायला सुरुवात केली. पहिला शिकंजा. तीन दाखवले आणि बाईंनी साहजिकच सर्वांत चकचकीत धरला. म्हाताऱ्याने तिन्हींत एकेक गळ अडकवला आणि म्हणाला, "नखाने दाबा." चकचकीत शिकंज्यातला गळ घसरला. काळ्या, दिसायला अगदी दरिद्री शिकंज्यातला वाकला, पण हलला नाही. "दात दातांवर बसतात का, एवढंच बघायचं. पॉलिश काय, दुकानदाराच्या भल्यासाठी असतं."

गळ एकाच मापाचे, पंचवीस. "दहा मापं घेतलीत तर दहा प्रकारांनी चुकाल. एकाच मापावर चुका, म्हणजे चूक ओळखीची होते." बारीक टोकांची कात्री, आणि तीही फक्त पिसांसाठी. तार तिने कापलीत तर मला तोंड दाखवू नका, असं त्याने वर ऐकवलं. पीस धरायचा छोटा चिमटा. रीळ अडकवून दोरा ताणून धरायची नळी.

"दोरा नको," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे चौदा रंगांची रिळं पडलीत."

"शिवणाचा दोरा? चार वेढ्यांत माशीचं डोकं भोपळ्याएवढं होईल. मासा हसेल हो बाई."

बाईंना हे लागलं. दोऱ्याच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवलेलं गेल्या तीस वर्षांत झालं नव्हतं. "द्या इकडे," म्हणून त्यांनी त्याच्या काउंटरवरच्या शिकंज्यासमोर ठाण मांडलं, त्याचा केसासारखा दोरा घेतला, सवयीने टोक ओठांत ओलं केलं आणि सवयीनेच टोकाला गाठ मारली.

म्हातारा खो खो हसला. "गाठ कशाला? इथे दोरा दोऱ्यावरच चढवायचा. स्वतःच्याच पायाखाली स्वतःला अडकवतो तो."

बाईंनी गाठ तोडली, दोरा दोऱ्यावर चढवला आणि पुढे अशी शिस्तीत वेढ्याला वेढा लावत गेल्या, की गळाच्या टोकाची बारीक कडीच बुजून गेली. त्या कडीला डोळा म्हणतात. दोरी तिच्यातूनच ओवायची असते.

"सुंदर. वेढे झकास, पण आता हिला काठीला बांधणार कुठून?"

सुईचं नेढं हा जिचा देव, तिनेच नेढं बुजवलं! बाईंचे कान गरम झाले. "पहिली चूक सगळ्यांची हीच," म्हातारा जरा मऊपणे म्हणाला. "पुढे जागा ठेवायला कुणाला आवडत नाही."

शेवटी पिसं. कोंबड्याच्या मानेचा एकच तपकिरी तुकडा, एकेक पीस वाकवून, त्याच्या केसांची लांबी गळाशी ताडून निवडलेला. मेण आणि तार घरची चालणार होती, वार्निशची बाटली नवी. आता राहिला प्रश्न माशीच्या अंगाचा.

"वरचं पीस कळतं, तार कळते," म्हातारा बाटलीतली माशी चिमट्यात धरून म्हणाला. "पण खाली अंगाला काय गुंडाळलंय, ते समजत नाही. सशाची लव नाही ही. एकच उपाय. उसवून बघायचं."

"उसवून?"

"कात्री लावायची आणि एकेक थर काढायचा. बघता बघता शिकाल."

"आणि मग माशी?"

"मग माशी नाही. गळ राहील."

आयुष्यभर उसवण्याचं काम केलेल्या बाईंचा हात त्या शब्दासरशी आखडला. बाबांच्या हातचं जगात उरलेलं एवढंच. ते कापायचं, आणि आपल्याला पुन्हा बांधता आलं नाही तर? बाप काही परत येऊन, पुढच्या वर्षी बघू, म्हणणार नव्हता.

"नको," त्या म्हणाल्या. "द्या ती इकडे."

"थांबा, निदान भिंगाखाली तरी बघतो." म्हाताऱ्याने भिंग ओढलं आणि माशी डोळ्याच्या बाजूने समोर धरली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"टपालकाका डावखुरे होते का हो?"

"छे! उजवेच. शिक्क्याच्या शाईचा डाग कायम उजव्या बोटावर."

"मग ही माशी त्यांनी बांधलेली नाही."

बाई ताडकन उठल्या. "काय बोलताय काका? चाळीस वर्षं..."

"रागावू नका. तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा. तुम्ही आता बांधलीत ती ही. हिचा दोरा डोळ्याकडून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरलाय. उजव्या हाताने बांधणाऱ्याचा तसाच फिरतो. आता हिचा बघा."

बाईंनी पाहिलं. दोरा उलटा फिरला होता. पिसाचे वेढे उलटे, तारेचेही उलटे. लहानपणापासून हजार वेळा हातात घेतलेली ती माशी, आणि दोऱ्यात हयात गेलेल्या बाईला दोऱ्याची दिशा दिसली नव्हती. बाबांची म्हणून बघितली, मग दुसरं काय दिसणार?

"घरात डावखुरं कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

बाईंनी सामान पिशवीत भरलं आणि बाटली मुठीत धरून बाहेर पडल्या.

घर वीस मिनिटांवर होतं. पहिली दहा मिनिटं त्या नुसत्या संतापलेल्या होत्या. नदीवर मान मिळवला, लोकांकडून चहा उकळला, आयत्या पिठावर जन्मभर रेघोट्या ओढल्या, आणि वर मला सांगत होते हात बसला नाही! पुढच्या दहा मिनिटांत राग दमला आणि त्याच्या जागी शनिवारची ती बंद दुपार आली. आतून आईचा बारीक आवाज यायचा आणि बाबा फक्त हुंकार द्यायचे. दोरा धरणारी बाई एवढं काय बोलत असेल, हा प्रश्न अकरा वर्षांच्या पोरीला पडला नव्हता. छप्पन्नाव्या वर्षी पडला.

आई टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. डाव्या अंगठ्याने शेंग फोडायची आणि दाणे ताटलीत सोडायची. ब्याऐंशी वर्षांची, मोतीबिंदू काढल्यापासून नजर पुन्हा तिखट झालेली, जिभेला तर मोतीबिंदू कधी नव्हताच. तिने पिशवीतून एकेक वस्तू बाहेर येताना पाहिली. पिसांचा तुकडा उचलला, एक पीस वाकवलं, उजेडात धरलं.

"पीस बरं आहे. कुणी निवडलं?"

"गळवाल्याने." बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "आई, रजिस्टर कोण बांधायचं?"

आईने आणखी एक शेंग सोलली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. मग उठली, भिंतीला धरत शिवणयंत्राशी गेली, खालचा खण ओढला आणि बटणांच्या डब्यामागून शिकंजा काढून आणला. काळा, दरिद्री, तेल दिलेला. "त्यांचा पाहिलास का, असं विचारलंस. त्यांचा नव्हता, म्हणून नाही म्हटलं."

"चाळीस वर्षं तू बांधल्यास?"

"मग काय ते बांधणार? त्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. सुटायची रस्ताभर." आई हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "पण बघावं त्यांनीच. रविवारी यायचे ते काडेपेटीत एखादा किडा घेऊन. पाण्यावर कसा बसतो, पंख कसे ठेवतो, उजेडात पोट कुठल्या रंगाचं दिसतं, सगळं सांगायचे. मी ऐकायची आणि बांधायची. मला नदीवर कुठे वेळ होता जायला? त्यांनी सांगितली, तेवढी नदी मला ठाऊक."

"मग लोकांना का सांगितलं नाही?"

"कुणीतरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा हे म्हणाले, घरी बांधली. लोकांना वाटलं, यांनीच. हे गप्प बसले. घरी आले ते एवढंसं तोंड करून. मी म्हटलं, राहू दे. माझं नाव कळलं तर अख्खी नदी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल."

"राग नाही आला तुला?"

"आला की. दोन वर्षं आला. पुढे विसरायला झालं."

बाईंनी खुर्ची ओढली. "आणि मला काय म्हणायचे ते? हात बसला नाही म्हणून?"

आईने ताटली बाजूला सारली. "तू विचारलंस की त्या रात्री जेवायचे नाहीत धड. म्हणायचे, पोरीला सांगून टाकतो. मी म्हणायचे, सांगा. पण तुझ्यापुढे उभे राहिले की धीर व्हायचा नाही. तुला वाटायचं बाप नदीचा राजा. ते तुझ्या डोळ्यांतून उतरायला तयार नव्हते. शिकवायला येतच नव्हतं गं त्यांना. तुझ्या हाताचा त्यात काय संबंध?"

चौतीस वर्षांचं कुसळ निघताना चांगलंच दुखलं.

"मग तू का नाही शिकवलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तू मला कधी विचारलंस?" आई म्हणाली.

आईने बाटलीचं बूच काढलं, रजिस्टर शिकंज्यात धरलं, डोळा स्वतःच्या डाव्या हाताला करून घट्ट आवळलं आणि नवी कात्री उचलली.

"आई, थांब! शेवटचं आहे ते!"

"शेवटचं कसलं? बांधणारी बसलीय समोर," म्हणत तिने डोक्यावरचे वेढे कापले. पीस सुटलं, तार उलगडली, आणि खालून अंगाचा धागा निघाला. गळवाल्याने न ओळखलेली ती लोकर बाईंनी बोटांत धरली मात्र, लगेच ओळखली. खाकी. टपालाच्या कोटाची.

त्या कोटाला आतल्या बाजूने, खालच्या दुमडीत, दर थंडीत भोकं पडायची. कसर समजून बाईंनी ती किती वेळा रफू केली होती आणि वडिलांना किती वेळा बोलल्या होत्या, बाबा, गोळ्या टाका म्हणून. वडील मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

"तू रफू करायचीस आणि मी पुन्हा उसवायचे," आई म्हणाली. "ओली झाली की त्या लोकरीचा रंग बरोब्बर किड्याच्या पोटासारखा होतो. कोट आहे ना?"

कोट होता. बाईंनी स्वतः डांबराच्या गोळ्या घालून, जुन्या चादरीत शिवून, कपाटात ठेवलेला. त्याला एक भोक नव्हतं. त्यांनी तो आणला, मांडीवर पसरला, दुमडीतला स्वतःचाच रफू उसवला आणि वीतभर धागा काढला. मग नवा शिकंजा टेबलाला कसला आणि सवयीने आईच्या शेजारी खुर्ची सरकवली.

"शेजारी नको. समोर बस," आई म्हणाली. "शेजारून बघशील तर सगळं उलटं शिकशील. समोरून माझा डावा तो तुझा उजवा."

लहानपणी लक्ष राहावं म्हणून नव्हतं तर ते. बाई टेबलाला वळसा घालून समोर जाऊन बसल्या. "आई, मला शिकव," त्या म्हणाल्या, अगदी उंबऱ्यावर बसून म्हणायच्या तशा.

दोघींचे दोरे एकदमच फिरायला लागले. आईची बोटं सुरुवातीला अडखळली, मग त्यांना वाट सापडली. खाकी धागा, तार, पीस, तीन वेढे, चौथा नाही. डोळ्याशी आल्यावर बाई थांबल्या आणि जागा मोकळी ठेवली. वार्निशचा थेंब लावला. त्या वासाने घर एकदम शनिवारचं झालं.

आईने बाईंची माशी शिकंज्यातून काढली, तळहातावर घेतली, सुईचं टोक डोळ्यातून आरपार घालून बघितलं. मग माशी खाली ठेवून लेकीचा पंजा हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हात बसलाय तुझा," ती म्हणाली. "कधीचाच बसलाय."